मकरपुरा, दुसरी पाळी

यंत्र थांबवून दिघेबाईंनी
हातभर रबरी वायर दिली. "ताणून धर. पीळ."
अकरा वेढे, बारा.
वायर पट्टीसारखी सरळ.
"आता हात जवळ आण, जरासे."
बोटभर आणले असतील,
तिने मधोमध टुणकन फासा घेतला.

"पीळ मोज. घटला ना?
हरवला नाही, वळणात उतरला.
टोकं सुटेपर्यंत बेरीज तीच."
हे त्या चलानाच्या पाठीवर मांडत होत्या,
ग्रीसने माखलेला अंगठा
बरोबरच्या चिन्हावर.

रात्री दांडिया बाजारात
अंकलेश्वरहून भावाचा फोन, सहा वर्षांनी.
"जेवलास?"

जेवलो होतो.
तेवढंच सांगायचं होतं,
गळ्यातून सरळ येईना.