पान २४१

प्रोफेसर हेल्दुर राउद्सिक यांचा अर्ज
सोमवारी दुपारी बाराच्या आत जायला हवा:
निबंध एकशे अठरा,
एच-इंडेक्स चौतीस,
आणि कुणी किती वेळा नाव घेतलं त्याचा तक्ता.
तक्ता माझ्याकडे. मी ग्रंथपाल.
तार्तूत या आठवड्यात उणे एकोणीस,
माणसं नदीवरून चालत पलीकडे जातात,
आणि मी तळघरात, हीटरला पाय लावून,
एका माणसाची चाळीस वर्षं बेरजेला बसवते.

१९७९चा तो निबंध सगळ्यांच्या ओळखीचा.
रक्तातलं लोह मोजायची सोपी रीत.
पाच पानं, दोन आकृत्या, एकतीस रुग्ण.
त्याची नोंद दोन ठिकाणी निघाली:
खंड चौदा, पान २१४, उल्लेख त्र्याण्णव.
खंड चौदा, पान २४१, उल्लेख अकराशे सव्वीस.

कुणाचं तरी बोट एकदा घसरलं,
लायपझिगला की लीड्सला, कोण जाणे.
दुसऱ्यानं ते पहिल्याचं उचललं,
तिसऱ्यानं दुसऱ्याचं.
नकलेलाही अक्कल लागते म्हणतात;
इथं नुसती घाई पुरली.

गुरुवारी सर आले, कानटोपीसकट ऐकलं,
खोकला येईपर्यंत हसले.
‘म्हणजे पान उघडणारे त्र्याण्णव?’
‘त्यांत एकोणीस वेळा तुम्हीच आहात, सर.’
‘चौऱ्याहत्तर! माझ्या लग्नालासुद्धा
एवढी माणसं नव्हती.’
आणि दारातून, मागे न वळता:
‘दोन्ही एकत्र कर. आकडा भरल्यासारखा दिसू दे.’

केले एकत्र. तीनदा कळ दाबायची असते.
पण खंड चौदा टेबलावर होताच,
आणि अकराशे सव्वीस जणांनी
ज्या घराचा पत्ता दिला
तिथं राहतं तरी कोण, बघावंसं वाटलं.

साल्मे ओयापेर्व, पशुवैद्यक.
सीलच्या फुप्फुसांतले जंत:
सारेमाच्या किनाऱ्यावरचे नऊ प्राणी.
उल्लेख, शून्य.
पुढची दोन पानं वरच्या कडेला जोडलेलीच,
छापखान्यातून आली तशी.
मी पट्टी घालून फाडली.
आत एक तक्ता, आणि तक्त्याखाली बारीक अक्षरांत:
सहावा प्राणी पहाटे चारला गेला.
वजन घेतलं नाही. मी त्याच्याजवळ बसले होते.

असं कुणी लिहीत नाही.
संपादक त्या दिवशी पेंगत असावा.

सोमवारी सकाळी झेरॉक्स त्यांच्या हातात दिली.
उभ्यानंच वाचली. हसले नाहीत.
‘ओयापेर्व,’ म्हणाले.
‘मजल्यावर फोटोमीटर एकच.
दिवसा आमचा. ती रात्री यायची.
सकाळी यंत्र पुसून ठेवलेलं असायचं,
झाकणाखाली चिठ्ठी:
काटा तीन खुणा पुढे धावतो, वजा करा.’

बुटांवरचा बर्फ फरशीवर उतरत होता.

‘आम्ही वजा करायचो,’ म्हणाले.
‘एकतीसच्या एकतीस रुग्णांचं.
निबंधात ते आलंय, अर्ध्या वाक्यात.
उपकरणाची शुद्धी, असं काहीतरी.’

मग पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले,
टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.
‘अर्जात आभारांना रकाना आहे?’
‘नाही, सर. शेवटी एक टीप घालता येते.
दोनशे अक्षरांची.’

पेन मागितलं. आधी कागदावर लिहू म्हणाले.
साल्मे ओयापेर्व:
आमच्या लिपीत तेरा,
मधली रिकामी जागा धरून.
उरली एकशे सत्त्याऐंशी.

पेन तसंच धरून बसले आहेत.
बाराला दहा कमी आहेत.