पंच क्रमांक दोन

माझं दुकान शालिमारला, एका जिन्याखाली.
झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि ‘सुट्टे पैसे द्या’ची पाटी.
वीस वर्षं लोकांचे कागद या काचेवर पालथे घातले,
वाचला एकही नाही.
आमच्या धंद्यात याला सभ्यपणा म्हणतात.

त्या दिवशी हवालदार आला, ओळखीचा,
कॉप्या फुकट नेणारा.
थेटे, दोन मिनिटं चला, एक सही हवीय.
शेजारच्या किल्लीवाल्याला म्हटलं, लक्ष ठेव रे.

ठाण्यात टेबलावर चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली.
त्याचं बोट जिथं होतं तिथं सही केली.
चहा अर्धाच प्यालो.
परतलो तेव्हा एका पोरीचे दाखले
ट्रेमध्ये अजून कोमट होते.

पाच वर्षांनी समन्स आलं.
सवयीनं आधी त्याची एक झेरॉक्स काढली,
मग वाचलं :
पंच क्रमांक दोन, दिगंबर कचरू थेटे,
हजर राहावे, कसूर करू नये.

सीबीएससमोरच्या कोर्टात तीन तारखा बाकावर गेल्या.
एकदा वकील नव्हते, एकदा नाशिकरोडहून
जेलची गाडीच आली नाही,
एकदा साहेब रजेवर.
चौथ्या वेळी पुकारा झाला, तोही ‘ठेटे’ असा.

लाखेचं सील फोडलं.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुरा,
पात्यावर चहासारखा डाग,
चिठ्ठीवर माझी सही. ती लगेच ओळखली.
सुरा पहिल्यांदाच पाहत होतो.

सरकारी वकिलांनी वाचून दाखवलं :
मी नासर्डीच्या पुलाखाली गेलो होतो,
आरोपीनं माझ्यासमक्ष दगड बाजूला केला होता,
दुपारचे तीन वाजले होते, उजेड पुरेसा होता.
इतकं नीटनेटकं लिहिलेलं
की क्षणभर मलाही तो दगड दिसला.

सही आपलीच?
माझीच.
मजकूर खरा आहे?

एका बाजूला आरोपी, पकडला तेव्हा एकोणिसाचा असेल,
आता कानाजवळ पांढरा केस.
दुसऱ्या बाजूला ज्याला सुरा लागला तो,
उजव्या हाताची मूठ मिटत नाही त्याची.
सुरा यानं मारला की नाही, मला काय ठाऊक?
दोघंही माझ्याकडे बघत होते,
कागद मशीनमध्ये गेल्यावर गिऱ्हाईक बघतं तसे.

सही माझी, म्हणालो. पुलाखाली मी गेलो नाही.

सरकारी वकिलांनी परवानगी मागितली
आणि मी फितूर ठरलो.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं : मग सही का केलीत?
साहेब, दुकान उघडं होतं.
कुणी हसलं नाही.
टायपिस्टनं तेवढंही टाइप केलं.

रात्री नातीला विचारलं, फितूर म्हणजे काय गं?
ती घास चावत म्हणाली,
जो किल्ल्याचा दरवाजा आतून उघडतो तो.
बरोबर, म्हटलं. जेव आता.
दरवाजा मी उघडला तो ठाण्यात की कोर्टात,
हे तिच्या पुस्तकात नसणार.

हल्ली कुरिअरच्या पावतीवरही वाचून सही करतो.
पोरगा वैतागतो, गाडी चालूच ठेवतो.

मागच्या महिन्यात तो आला, मूठ न मिटणारा.
डाव्या हातानं गठ्ठा पुढे केला, निकालाची नक्कल,
सत्तावीस पानं, अपिलासाठी दोन प्रती.
आरोपी सुटला, एवढं किल्लीवाल्याकडून कळलं होतं.
पहिलं पान काचेवर पालथं घालणार,
तोच हात थांबला.
सुलटं धरलं, उभ्या उभ्या वाचू लागलो,
पहिल्या ओळीपासून.
मागं रांग कुरकुरली.
तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला,
तुम्ही नवव्या पानावर आहात.