हातचा

दुलुथच्या वाचनालयात, तळमजल्यावर,
फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही लोकांचे करांचे फॉर्म फुकट भरून देतो.
मी लोहखनिजाच्या धक्क्यावरचा निवृत्त कारकून,
आकड्यांची खोड अजून गेलेली नाही.

मार्चअखेर आयली हौटाला आली, बुटांचा बर्फ झटकून बसली.
धंदा: पियानो सुरात लावणे. स्वतःचा. बत्तीस वर्षं.
बिस्किटांच्या डब्यातून पावत्या निघाल्या.

सेंट पॉलला तीन दिवसांची कार्यशाळा,
हातोड्यांचं फेल्ट सुईने टोचून मऊ करण्याची.
फी तीनशे चाळीस. मोटेल एकशे अठ्ठ्याहत्तर.
जाऊन-येऊन तीनशे मैल, ते वेगळ्या ओळीत.
"हे वजा होतं," मी म्हणालो,
"आहे त्याच कामात हात आणखी बसला की सूट मिळते."

मग एक पावती तिने पालथी ठेवली.
खुणांची भाषा. दर बुधवारी, चर्चच्या तळघरात,
दहा आठवडे, एकशे ऐंशी डॉलर.
"हे कामासाठी?"
तिने डावा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं.
"वरचे अकरा स्वर गेले," ती म्हणाली.
"लाकडाला गाल लावून लावते आता.
गिऱ्हाइकांना माहीत नाही."

नियम मला पाठ आहे.
नव्या धंद्यात नेणारं शिक्षण धरत नाहीत.
आणि नुसतं जगायला लागणारं, ते खाजगी.
खाजगी हा शब्द तिला ऐकू जावा म्हणून
मी इतक्या मोठ्याने म्हटला
की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वळवली.
क्रेडिटचंही पाहिलं. मान्यताप्राप्त संस्था लागते.
तळघराला मान्यता कोण देणार!
"राहू दे," म्हणाली, आणि पावती परत डब्यात.

मी बेरीज करू लागलो, सवयीने पुटपुटत:
चार नि सात अकरा, एक खाली, हातचा एक.
ती माझे ओठ वाचत होती.

तेवढ्यात पुलाखाली मोसमातलं पहिलं जहाज,
भोंगा असा की टेबलावरच्या पेन्सिली हलल्या.
तिने तळवा टेबलावर दाबून धरला, संपेपर्यंत.
मग दोन्ही हातांची ओंजळ केली
आणि माझ्या फॉर्मवरून हळूच पुढे नेली, जराशी डुलवत.

मी करून पाहिलं.
माझी ओंजळ गळकी होती.
तिने माझी करंगळी आत वळवली.