उजवीकडून ये

आत शिरण्याआधी बोल, योरिड.
काय बोलतेस त्याला महत्त्व नाही.
मी तिला दुधाचे भाव सांगते,
एल्बला भरती कितीला, ते सांगते.
आधी आवाज पोचू दे, मग तू.

आणि उजवीकडून ये.
पुस्तकं सगळी डावीकडून म्हणतात:
डावीकडून लगाम, डावीकडून रिकीब,
खोगीरही डावीकडूनच चढतं.
पुस्तकं बरोबर आहेत.
तू उजवीकडून ये.

हिचं नाव क्वेंडेल.
त्या वर्षीच्या शिंगरांना क्यू आला होता,
माझा नवरा रात्रभर शब्दकोश घेऊन बसला,
शेवटी हे मिळालं: बांधावरचं एक झुडूप,
जांभळ्या फुलांचं, कुणी मुद्दाम न लावलेलं.
होल्स्टाइनच्या घोड्यांचं घराणं आईकडून मोजतात.
बाप कितीही गाजलेला असो,
वंशाचा आकडा आईचा, तिच्या आईचा,
तिच्याही आईचा, जिचं नाव आता कुणाला ठाऊक नाही.

रंग कुमैत. उन्हात तपकिरी, पावसात जवळजवळ काळी.
मान उंचावरून निघते, पुठ्ठा दाराएवढा.
बाप म्हणायचा, गुडघा एवढा वर उचलतात
कारण यांच्या पणज्या दलदलीत नांगर ओढत,
प्रत्येक पाऊल चिखलातून उपटून काढावं लागे.
खरं-खोटं देव जाणे.
आता त्याच गुडघ्याला शैली म्हणतात,
दांड्याखाली कॅमेरा लावतात.

गरम रक्ताची जात ना, असं पाहुणे विचारतात.
थर्मामीटर लावून बघ: साडेसदतीस, अडतीस.
सगळ्या घोड्यांचं तेवढंच असतं.

गवत भिजवून दे, धुळीनं खोकते.
चंदी थोडी थोडी, तीनदा.
एवढं धूड, पण पोट बादलीभर.
मागच्या घोट्यांवरचा चिखल ओला असताना घासू नकोस,
सुकू दे, मग ब्रश; नाहीतर खपल्या धरतात.
खरारा मानेपासून, हात जड ठेवून,
गुदगुल्या केल्यास तर चावेल, आणि तिचं बरोबर असेल.
नालबंद डेटलेफ दर सात आठवड्यांनी येतो.
रेडिओ लावून ठेव.
बातम्या चालतात. अकॉर्डियन चालत नाही.

आता डाव्या डोळ्याचं.
तीन वर्षांपूर्वी, नॉयमुन्स्टरला,
शेवटच्या अडथळ्याचा डावा खांब तिनं पाडला.
आर्वेडनं चाबूक मारला. दोनदा.
मी कठड्यापाशी होते. मीही म्हणाले, आळशी झालीय.
महिन्यानं डॉक्टरीणबाईंनी पागेतला दिवा मालवला,
पेनाएवढी बॅटरी लावली,
आणि बुबुळाच्या आत धुकं दिसलं,
धुक्यात अडकलेला काहीतरी पांढुरका गोळा.
जुनी माणसं याला चंद्राचा दोष म्हणत,
चंद्रासारखा येतो, जातो.
तसं काही नसतं. येतो तो जंतूंबरोबर,
जाताना डोळा घेऊन जातो.

मग मी मागे मोजत गेले.
तो अख्खा वसंत ऋतू
अर्धं मैदान तिला अंधारात होतं.
जे दिसत नव्हतं त्यावरून ती किती वेळा उडाली,
केवळ पाठीवरचं माणूस पुढे झुकलं म्हणून.
तिच्या कागदावर लिहिलंय: स्वभाव, नऊ गुण.
फाइल खालच्या कपाटात आहे.
मला ती उघडायची नाही, तू उघड.

सोमवारी माझा खुबा बदलतात.
डेटलेफ म्हणाला, चला, टेल्झेलाही नाल ठोकणार.
सहा आठवडे, म्हणतात. मी आठ धरलेत.
तोवर विकत घ्यायला कुणी आलं
(येतील, हिची मुलगी बघायला येतात नि हिच्यावर थांबतात)
तर सांग, ही नाही. कारण सांगत बसू नकोस.

रात्री जाण्याआधी बोल, मग पुढून वळसा घालून
तिच्या डाव्या खांद्यावर हात ठेव.
ती कातडी थरथरवेल, मग सोडून देईल.
सोडून दिल्याशिवाय हात काढू नकोस.

आणि खालची कडी पायानं लाव.
हातानं लागत नाही.