पाळीवर

पहाटे साडेचारला आम्ही पस्तीस जण
तलावाच्या पाळीवर धावतो.
एकच टी-शर्ट, एकच शिट्टी, सोळाशे मीटर.
भरतीची जाहिरात निघायची आहे अजून.

खाली छातीभर पाण्यात हिवराज नान्हे
शिंगाड्याचे वेल उलटतो,
टोपली टायरच्या ट्यूबवर तरंगती ठेवून,
हळूहळू, तळ्याची झोप मोडू नये असा.

एकदा विचारलं, "तू काऊन नाई धावत बे?"
"उभं राहाले बी दम लागते, गड्या."
सर हसले.
मग आम्हीही.

आज तिसऱ्या फेरीत पोटात कळ आली, बसलो.
त्यानं वर येऊन एक शिंगाडा सोलला,
हातावर ठेवला.
बोटं काट्यांनी टोचलेली, पाण्यानं पांढरी.
दाण्यात दूध होतं.

शिट्टी झाली. हजेरी सुरू झाली.
तोंड भरलेलं होतं,
मला ओ देता आली नाही.