बुबुळं

डोळा काढणं सोपं.
डोळ्याला कुठं बघायला लावायचं, याचे पैसे मिळतात.

कॉन्सेप्सिऑनच्या त्या कचेरीत ओयार्सुनसाहेबांनी
मला फडताळासमोर उकिडवं बसवलं होतं.
"तू आता चार वर्षांचा आहेस.
आई वर किमती वाचतेय.
तुझ्याकडे कोण बघतंय?"
कुणीच बघत नव्हतं.
"तेच तर," ते म्हणाले.

मग मी पुदू काढला.
आमच्या दक्षिणेच्या रानातलं गुडघाभर हरीण,
पान हललं तरी पळणारं.
त्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधला, खुरात चमचा दिला,
कुठल्याच पुदूनं माणसाला न दाखवलेलं हसू दिलं,
आणि बुबुळं खाली उतरवली,
केसभरच,
ढकलगाडीत बसलेल्या पोराची नजर असते तिथं.
चार फळ्यांवर चारशे पुदू,
सगळे एकाच पोराकडे बघणारे.

खप वाढला. तोमेला घर झालं,
खिडकीतून समुद्र दिसणारं.
माझी रायेन 'पापा'च्या आधी 'पुदी' म्हणाली
आणि मी ते कौतुकानं सांगत फिरलो.

मागच्या बाजूची अक्षरं माझ्याकडे नव्हती.
ती बसवायला वास्कुन्यान होता, भिंग घेऊन.
साखरेची सात नावं शोधली होती त्यानं,
सातही लांब लांब बसवायचा,
पंगतीत भांडलेल्या जावा बसवाव्यात तशी.

मग कायदा आला.
काळे अष्टकोन, रस्त्यावरच्या 'थांबा'सारखे:
साखर जास्त. कॅलरी जास्त.
आणि डब्यावरची जनावरं हद्दपार.
साहेबांनी पुसायलाही मलाच बोलावलं.
"तू काढलास, तुला त्याच्या कडा ठाऊक."
पडद्यावर एकेक थर बंद करत गेलो.
रुमाल. चमचा. हसू.
शेवटी पांढऱ्यावर नुसती दोन बुबुळं उरली,
तीही खालीच बघणारी.
ती तशीच ठेवून मी जेवायला गेलो.

रायेन आता अकराची आहे.
दुकानात माझ्या हातातलं पाकीट उलटं करते,
"पापा, यावर दोन आहेत." आवाज फौजदाराचा.
परवा तिनं तेच खाणं निवडलं, एकही अष्टकोन नसलेलं.
मी मागची बारीक अक्षरं वाचली.
वास्कुन्यान अजून नोकरीत असावा.
साखर गेली होती, तिच्या जागी
धड उच्चारताही येत नाही असं काही आलं होतं.
गोड तेवढंच.
पोरगी माझ्याकडे बघत होती, शाबासकीसाठी.
दिली.

आई लोताला राहते, रोज सुई टोचून घेते.
तिला विचारलं, काळं दिसत नाही का तुला?
"दिसतं की," म्हणाली. "किंमतही दिसते.
चष्मा एकच आहे."

शनिवारच्या बाजारात सफरचंदवाली दोन्या एदुविना म्हणाली,
"तुम्ही चित्रं काढता ना?
माझ्या खोक्यावर काढा काहीतरी, पोरं थांबतील.
फळाला कोण बंदी घालतंय?"
मजुरी, दोन किलो सफरचंदं.
मी खडू घेतला. पुदूच काढायला बसलो,
दुसरं येतंय कुठं.
कान. ओलं नाक. पाठीवर पाडसाचे ठिपके.
रुमाल नाही, चमचा नाही.
डोळ्यापाशी हात अडला.
वाटलं, याला रानाकडे बघू दे,
पळायच्या बेतात असल्यासारखं.

तेवढ्यात कुणाचं तरी पोर येऊन थांबलं,
बोट तोंडात.
मी मान वर केली नाही.
जमिनीपासून त्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर
हातानं आधीच मोजलं होतं.