जुनी डिस्क विकताना

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात
मुनाफशेठ डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो.
मी सांगत सुटतो :
घोडा झकास पळतो, पण वळला की भिंतीत शिरतो.
कॅमेरा ऐन मारामारीत खांबामागे दडतो.
शेवटचा राक्षस मरता मरत नाही,
आणि मेला की भाषण ठोकतो,
तेही पुढे ढकलता येत नाही.

"पाणी?" तो विचारतो.

पाणी... पाणी चांगलंय.
दुसऱ्या लेव्हलला एक बंदर लागतं.
तिथे करायचं काहीच नसतं.
रात्रपाळीहून आलो की
कंट्रोलर मांडीवर ठेवून
मी नुसता धक्क्यावर उभा राहायचो.
आप्पा, माझगावच्या गोदीतून रिटायर झालेले,
मागून म्हणायचे,
दोर असा बांधतात का रे? बोट सुटेल.
आणि खुर्ची ओढून बसायचे,
सुटते का बघायला.

मुनाफशेठ नखाने ओरखडे मोजतो.
"बंडल आहे म्हणतोस,
आणि घासलीस केवढी!
चारशे."

मी साडेचारशे म्हटलं.
तो हो म्हणाला.
मग मीच डिस्क डबीत घातली,
डबी बॅगेत,
आणि निघताना सांगितलं,
कॅमेरा मात्र खरंच भिकार आहे.